वही कोणाच्या हातात? : कर्जबाजारी कुटुंबांसाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

वसई-विरारमध्ये कर्जात बुडालेला माणूस बाहेरून ओळखू येत नाही. तो रोजच्यासारखी सकाळची चर्चगेट लोकल पकडतो, मुलाची फी भरतो, सोसायटीच्या गणपतीची वर्गणी देतो, लग्नाला गेला की आहेराचं पाकीटही देतो. फक्त फोन वाजला की आधी नंबर बघतो आणि बहुतेकदा उचलत नाही. घरी आलेलं बँकेचं पाकीट न फोडताच कपाटावर जातं. एका कर्जाबद्दल बायकोला सांगितलेलं असतं, दुसऱ्याबद्दल भावाला, आणि तिसऱ्याबद्दल कुणालाच नाही. बायकांचंही वेगळं नसतं. गटाचं कर्ज नवऱ्याला माहीत असतं. त्याचा हप्ता भरायला शेजारणीकडे गहाण ठेवलेली माळ माहीत नसते.

माझी उमेदीची वर्षं सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतून लोक कागद घेऊन घरी येऊ लागले. येताना प्लॅस्टिकची पिशवी घेऊन येतात, तिच्यात नोटिसा, पासबुकं, मोबाईलवरच्या मेसेजच्या झेरॉक्स. मी एकच प्रश्न आधी विचारते : एकूण देणं किती आहे? या प्रश्नाचं बरोबर उत्तर पहिल्या बैठकीत क्वचितच मिळतं. पाच तारखेला कोणाचा हप्ता, बारा तारखेला कोणाचा, कोण किती वाजता फोन करतो हे सगळं तोंडपाठ असतं. बेरीज मात्र कुणी केलेली नसते. जो आकडा सांगतात तो खऱ्यापेक्षा नेहमी कमी निघतो. यात मूर्खपणा काही नाही. हिशेब सात ठिकाणी आहे आणि त्यातला एकही त्यांच्या हातात नाही.

ही पुस्तिका या एका गोष्टीभोवती उभी आहे. न फिटणाऱ्या कर्जातून सुटायची पहिली मदत म्हणजे कुणीतरी शेजारी बसून सगळा हिशेब सुरुवातीपासून मांडणं. पैशांची मदत, वकिलाची मदत, कायद्याची मदत ही त्यानंतरची. वही सावकाराच्या हातात राहिली तर या बाकीच्या मदतींचा उपयोग होत नाही, आणि हे आमच्या या जिल्ह्याइतकं क्वचितच कुठे शिकायला मिळालं असेल.

पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. त्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत, डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात आणि आता गुजरातेत गेलेल्या उंबरगावात, स्वातंत्र्यापूर्वी लग्नगडी होते. वारली तरुणाला लग्नासाठी थोडे रुपये लागत. जमीनदार किंवा सावकार ते देई, आणि त्या बदल्यात नवरा-बायको दोघंही त्याच्या शेतावर राबत. मजुरी म्हणून पोटाला अन्न मिळे. कर्ज मात्र फिटत नसे. कित्येकांचं आयुष्य त्यात सरलं आणि पुढे मुलंही त्याच दारात उभी राहिली. गोदावरी आणि शामराव परुळेकर हे कार्यकर्ते दाम्पत्य या भागात गेलं, 1945 साली वारल्यांचा लढा उभा राहिला आणि लग्नगडी मोकळे झाले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हे सगळं लिहिलं आहे; 1972 साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते वाचताना माझ्या मनात राहिलं ते हे, की आपलं कर्ज किती उरलं हे त्या माणसाला कधीच कळत नव्हतं. वही सावकाराकडे, अक्षर सावकाराचं, अंगठा तेवढा याचा.

त्याही आधी, 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि खतं, गहाणपत्रं, हिशेबाच्या वह्या हिसकावून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून ते इतिहासात नोंदले गेले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यातलं एक कलम मला आजही फार शहाणपणाचं वाटतं. खतावर लिहिलेली रक्कम खरी मानून हुकूमनामा द्यायचा नाही. व्यवहार सुरू झाला तेव्हापासूनचा पैसा किती आला, किती गेला, व्याज किती लावलं हे न्यायालयाने स्वतः तपासायचं. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणंही त्या कायद्याने बंद केलं. समेट घडवून आणणारी माणसं गावोगाव नेमायची तरतूदही त्यात होती. सरकार परकं होतं आणि त्याला आपला महसूल सांभाळायचा होता, हे खरं. तरी कर्ज ही दोन माणसांमधली खाजगी भानगड राहत नाही, ती एका मर्यादेनंतर सगळ्या समाजाची गोष्ट होते, हे तेव्हा मान्य करावं लागलं.

सावकारापासून सुटका म्हणूनच 1904 च्या कायद्याने सहकारी पतसंस्था आल्या. वसईच्या ख्रिस्ती समाजाने 1918 साली बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक सुरू केली ती याच लाटेत. पतपेढी हीच एके काळी कर्जबाजाऱ्याची मदत होती, हे आज पतपेढीच्या नोटिशीने घाबरलेल्या माणसाला सांगितलं की त्याला खरं वाटत नाही. त्यानंतर 1975 साली महाराष्ट्राने छोटे शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार यांची सावकारी कर्जं माफ करणारा कायदा केला; सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1977 साली तिथे हरले. वेठबिगारी बंद करणारा केंद्राचा कायदा 1976 चा. पण कायदा झाला म्हणून वेठबिगार आपोआप सुटला नाही. आपल्याच वसई तालुक्यातल्या उसगावात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेचं काम उभं केलं, वेठबिगारांना घेऊन सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, तेव्हा तो कायदा या डोंगरपट्टीत पोचला. आजच्या कर्जदाराच्या बाबतीतही मी हेच बघते. कायदे आहेत, ते घेऊन त्याच्याबरोबर कचेरीत जाणारं कुणी नाही.

आता आजच्या नालासोपाऱ्यात येऊ. एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण हिशेबाची चाल तशीच ठेवली आहे. नवरा वालीवच्या एका कारखान्यात, पगार 21,000. बायको घरी शिवणकाम करते, महिन्याला 7,000 सुटतात. पूर्वेला भाड्याची खोली, भाडं 6,000. सासूच्या आजारपणात खर्च झाला तिथून सुरुवात. पतपेढीचे 90,000 बाकी, हप्ता 4,500. फायनान्स कंपनीच्या वैयक्तिक कर्जाचे 1,40,000 बाकी, हप्ता 7,200. क्रेडिट कार्डावर 1,00,000, त्याची किमान रक्कम 5,000. बायकोच्या नावावर गटाचं कर्ज 45,000, महिन्याला 3,900. एका माणसाकडून टक्क्याने घेतलेले 60,000, दहा टक्के महिना, म्हणजे 6,000. आणि मोबाईलवरच्या तीन ॲपचे मिळून 38,000. तो म्हणत होता, तीनेक लाख असतील. बेरीज 4,73,000 निघाली. ॲप सोडून महिन्याचे हप्ते 26,600, घरात येणारे 28,000. उरलेल्या 1,400 रुपयांत भाडं, धान्य, गॅस, मुलाची रिक्षा. साहजिकच दर महिन्याला नवं ॲप उघडलं जाई आणि याची टोपी त्याच्या डोक्यावर जाई.

कार्डाचा हिशेब मी त्यांना कागदावर करून दाखवला, तो इथेही देते. लाख रुपये बाकी, व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे 3,500. व्याजावर 18 टक्के जीएसटी, 630. एकूण 4,130. किमान रक्कम म्हणून त्यांनी 5,000 भरले, तर मुद्दलातून कमी झाले 870 रुपये. त्याच महिन्यात कार्डावर हजाराचा किराणा घेतला असेल तर कर्ज उलट वाढलं. ‘आम्ही दर महिन्याला वेळेवर भरतो’ असं ते अभिमानाने सांगत होते आणि ते खरंच होतं. कागदावरचा 870 चा आकडा बघून बाई काही वेळ बोलल्याच नाहीत.

टक्क्याच्या पैशांचा हिशेब मात्र त्यांच्या बाजूने निघाला. चौदा महिने 6,000 दिले, म्हणजे 60,000 वर 84,000 देऊन झाले, आणि तो माणूस म्हणत होता मुद्दल अजून तसंच आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा 2014 सालचा. परवाना असलेल्या सावकारानेही शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांपेक्षा आणि तारण कर्जावर 15 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही, असा दर सरकारने ठरवून दिला आहे. शेतकऱ्याला तो आणखी कमी, 12 आणि 9. अठरा टक्क्यांनी धरलं तर चौदा महिन्यांचं व्याज 12,600 होतं. मुद्दल धरून 72,600. कायद्याने बघितलं तर हे कर्ज फिटून वर अकरा हजारांहून जास्त गेले होते. शिवाय त्या माणसाकडे परवानाच नव्हता. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, आणि असल्या वसुलीसाठी न्यायालय त्याला हुकूमनामा देत नाही. 1879 च्या कायद्याने जे न्यायाधीशाला करायला सांगितलं होतं, ते एका कागदावर, एका संध्याकाळी करता आलं. इतके महिने ते कुणी केलं नव्हतं, कारण कुणाला सांगितलंच नव्हतं.

सांगितलं का नाही, हा या पुस्तिकेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. चार लोक काय म्हणतील हे तर आहेच. वसई-विरार हे माणसांनी जोडजोडून उभं केलेलं शहर आहे. मुंबईत घर परवडलं नाही म्हणून इथे आलेली, गावाकडे ‘मुंबईला फ्लॅट घेतला’ असं सांगून बसलेली कुटुंबं इथे आहेत. 2011 च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांच्या वर होती. गावी आईवडिलांना हप्ता थकला म्हणून सांगणं म्हणजे सगळ्या स्थलांतरावरच पाणी फिरवल्यासारखं वाटतं. पण लाजेपेक्षा भीती मोठी असते, आणि ती भीती बहुतेक वेळा चुकीच्या माहितीवर उभी असते.

पहिली भीती तुरुंगाची. वसुलीवाले फोनवर ‘वॉरंट निघालंय, पोलीस येतील’ म्हणतात. कर्ज फेडता आलं नाही एवढ्यावरून तुरुंग होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं, की ज्याच्याकडे द्यायला खरंच काही नाही त्याला पैशाच्या हुकूमनाम्यापायी कैदेत टाकता येणार नाही. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करताच येत नाही; दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 56 तसं म्हणतं. जप्ती आली तरी अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, भविष्य निर्वाह निधी यांना हात लागत नाही. पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांशही सुरक्षित राहतात. शिवणयंत्र उचलून नेऊ अशी धमकी त्या बाईंना दिली गेली होती. ती पोकळ होती.

एका ठिकाणी मात्र खरोखर सावध राहायला हवं. सह्या केलेले कोरे चेक दिलेले असतात. चेक परत गेला आणि रीतसर नोटीस आली, की पैसे द्यायला पंधरा दिवस मिळतात. त्यानंतर चेकच्या कायद्यातल्या कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर तशाच प्रकारचं कलम 2007 च्या पेमेंट ॲण्ड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्यात आहे. अशा खटल्याचं समन्स आलं तर हजर राहायलाच हवं. कर्जामुळे नाही, तर तारखांना न गेल्यामुळे वॉरंट निघालेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून कपाटावरची पाकिटं आधी फोडायची.

दुसरी भीती बेअब्रूची. ॲपवाले फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज पाठवतात, फोटो विद्रूप करून पाठवतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जांचे नियम घातले : ॲपने फोनमधली नावं-नंबर, फोटो, कॉल यांना हात लावायचा नाही, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जायचे, व्याज आणि सगळे खर्च धरून वार्षिक दर आधी लिहून द्यायचा. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर करायचा नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. जे ॲप हे पाळत नाही त्याच्यामागे बहुधा नोंदणीकृत कंपनीच नसते. तिथे विनवण्या करण्यात अर्थ नाही. 1930 या फोन क्रमांकावर आणि पोलिसांच्या सायबर शाखेकडे तक्रार करायची. मिरा-भाईंदर, वसई-विरारसाठी 2020 पासून वेगळं पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे आता ठाण्याला किंवा पालघरला हेलपाटा नाही. आणि नातेवाइकांना त्या मेसेजच्या आधी आपणच सांगून टाकायचं. एकदा सांगितलं की धमकीचा निम्मा जोर तिथेच संपतो. हा अनुभव मला अनेक घरांत आला आहे.

बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्धची तक्रार आधी त्यांच्याकडेच लेखी द्यावी लागते. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. नोव्हेंबर 2021 पासून ही एकच योजना आहे, फी नाही, वकील लागत नाही, माहितीसाठी क्रमांक 14448. पतपेढी मात्र लोकपालाच्या कक्षेत नाही. ती सहकार खात्याकडे. सावकाराची तक्रारही तिथेच जाते, तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला उपनिबंधक. सावकाराने कर्जापोटी खोली किंवा जमीन लिहून घेतली असेल तर ती परत मिळवून देण्याचा अधिकार या खात्याला आहे. हा अधिकार फारच थोड्यांना माहीत आहे. जामीनदारांबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, ते मुद्दाम वाचा. पतपेढी वसुलीचा दाखला घेते तेव्हा जामीनदाराचा पगारही कर्जदाराइतकाच अडकतो. कंपनीतल्या सहकाऱ्याला ‘फक्त सही कर’ म्हणणाऱ्याला आणि सही करणाऱ्याला दोघांनाही हे ठाऊक असायला हवं.

गृहकर्जाची गोष्ट इथे आणखी अवघड आहे. 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अगरवाल नगरी परिसरातल्या 41 बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. घर गेलं म्हणून घरासाठी काढलेलं कर्ज जात नाही. सोनं मोडून, टक्क्याने पैसे उचलून, गावची जमीन विकून घेतलेल्या खोल्या होत्या त्या. अशा घरांसाठी कोणताही एक कायदा पुरत नाही, आणि त्यांना ‘कागद बघून घ्यायला हवे होते’ असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. ज्यांच्या इमारती कायदेशीर आहेत आणि हप्ते थकले आहेत, त्यांनी घर ताब्यात घेण्याआधी येणारी सरफेसी कायद्याची नोटीस ओळखायला शिकावं. तिच्यात साठ दिवसांची मुदत असते. बँकेने ताब्याची कारवाई सुरू केली की पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हे दिवस गप्प बसून घालवले तर पुढे फार थोडं हातात राहतं. साठ दिवसांच्या आत बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून मागणाऱ्याचं बँका बहुधा ऐकतात. मी टेबलाच्या त्या बाजूला बसले आहे, म्हणून खात्रीने सांगते : न बोलावता स्वतः येऊन उत्पन्नाचे कागद समोर ठेवणारा कर्जदार आम्हाला वेगळा दिसायचा.

तडजोडीबद्दल एक इशारा. एकरकमी कमी पैशांत कर्ज मिटवता येतं, पण सिबिलच्या नोंदीत ते ‘सेटल्ड’ म्हणून राहतं आणि पुढे कर्ज मिळायला त्रास होतो. हे माहीत असूनही कित्येकदा तोच मार्ग योग्य असतो. तोंडी शब्दावर मात्र एक रुपया देऊ नये. आधी पत्र, मग पैसे, मग बाकी नसल्याचा दाखला. हप्ते भरणं बंद करा, आमची फी द्या, आम्ही सगळं मिटवतो म्हणणारे दलाल हल्ली स्टेशनबाहेर पत्रकं वाटतात. त्यांच्यापासून लांब राहा. लोकअदालतीतली तडजोड चांगली असते, पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. महिन्याला जेवढं झेपेल तेवढ्यावरच सही करायची, गर्दीत घाईने नाही.

आणि आता माझी तक्रार. हे सगळं करूनही ज्यांचं कर्ज फिटणारच नाही अशी माणसं उरतात. त्यांच्यासाठी संसदेने 2016 साली नादारी आणि दिवाळखोरी संहितेत नवी सुरुवात नावाची प्रक्रिया लिहिली. वर्षाचं उत्पन्न साठ हजारांपेक्षा जास्त नाही, मालमत्ता वीस हजारांच्या आत, कर्ज पस्तीस हजारांच्या आत, स्वतःचं घर नाही, अशा माणसाला कर्जमुक्त करून पुन्हा उभं राहू द्यायचं. हे आकडे तेव्हाच तोकडे होते. पण तेही प्रकरण सामान्य माणसासाठी लागू केलेलं नाही. व्यक्तींपैकी फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना डिसेंबर 2019 पासून ही संहिता लागू झाली. म्हणजे मोठ्या उद्योगपतीच्या हमीसाठी नवा कायदा आणि वालीवच्या कामगारासाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. तो अजून जिवंत आहे, पाचशे रुपयांच्या वर देणं असलेला माणूस जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो, पण तो वाचलेला वकील शोधावा लागतो. रिझर्व्ह बँकेने 2009 साली कर्ज समुपदेशन केंद्रांची योजना आखली होती. त्याआधी बँक ऑफ इंडियाने मुंबईत ‘अभय’ नावाचं केंद्र चालवलं. ती कल्पना नेटाने पुढे न्यायला हवी होती. विरारच्या किंवा नालासोपाऱ्याच्या प्रभाग कार्यालयात आठवड्यातून एक दिवस एक टेबल, एक हिशेब जाणणारा माणूस आणि एक वकील, एवढं महापालिका करू शकते. कर्ज वाटणाऱ्यांची टेबलं प्रत्येक मोबाईलच्या दुकानात आहेत.

पुस्तिकेचं पहिलं पान म्हणजे एक कोरा तक्ता आहे. ज्याचं देणं आहे त्याचं नाव, घेतलेली रक्कम, हातात आलेली रक्कम, आजवर दिलेले पैसे, उरलेले, व्याजाचा दर, काय लिहून दिलं आहे. तो एकट्याने भरू नये. बायको, नवरा, मोठी मुलगी, पॅरिशमधलं कुणी, मंडळातला जाणता माणूस, कुणीतरी शेजारी हवं. भरताना नवं कर्ज काढणं त्या दिवसापासून थांबवायचं. आलेल्या पैशांतून आधी भाडं, धान्य, औषधं, फी आणि लाईट बिल, मग जिथे घर किंवा सोनं तारण आहे ते, मग बाकीचे. जो सर्वांत जास्त ओरडतो त्याला आधी द्यायची सवय लागलेली असते, ती मोडायला वेळ लागतो. ज्या घरात कुणी ‘आता जगून काय करू’ असं बोलू लागलं असेल, तिथे तक्ता बाजूला ठेवा, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि 14416 वर टेलिमानस या मानसिक आधाराच्या सेवेला फोन लावा. तो दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हिशेब दुसऱ्या दिवशीही करता येईल.

वकिलासाठी पैसे नाहीत म्हणून कुणी अडू नये. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत विधी सेवा मिळते. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अटही नाही. चौकशीचा क्रमांक 15100. तालुका विधी सेवा समिती वसईच्या न्यायालयातूनच चालते. जाताना आधार कार्ड, उत्पन्नाचा काहीतरी पुरावा, आलेल्या सगळ्या नोटिसा, बँकेचा सहा महिन्यांचा उतारा आणि भरलेला तक्ता बरोबर न्या. टक्क्याने पैसे दिलेल्या माणसाला फोनवरून किंवा यूपीआयने जे जे पाठवलं त्याचेही उतारे काढून न्या. त्याच्या वहीत नसलेले आकडे तिथे सापडतात.